नरनाळ्याचे दरवाजे मोजताना

२४ नोव्हेंबर
सकाळी पहिल्यांदा स्वेटर काढला. तुरीला शेंगा धरल्या आहेत, ढगाळ नको व्हायला.
अकराला पोस्टमन. मोजणीची नोटीस. ९ जानेवारी, सकाळी ११ वाजता जागेवर हजर राहावे. अर्जदार म्हणून बापूचं नाव.
पोस्टमन म्हणाला, "साहेब, तुमालेच मोजणीची नोटीस?" हसला. मीही हसलो. ३४ वर्षं या नोटिसा मी पाठवल्या.

२५ नोव्हेंबर
मास्तरांचा फोन. दुसऱ्या डोळ्याचाही मोतीबिंदू काढून झाला. "आता मुंगीचे पाय दिसतेत. चला नरनाळ्याले."
१९८९ पासून चाललंय हे. कधी त्यांची शाळा, कधी माझी मोजणी, मग त्यांचे डोळे, मग माझा गुडघा. मास्तरांना महाकाली दरवाजावरचा लेख स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचा आहे. जन्मभर उर्दू शाळेत शिकवलं, फारसी थोडी घरची. मला दरवाजे मोजायचे आहेत.

२६ नोव्हेंबर
बापूचा नंबर काढला. लावला नाही.

२७ नोव्हेंबर
कपाटातल्या झेरॉक्स काढल्या. नरनाळ्यावर कोण २२ दरवाजे म्हणतो, कोण ६ मोठे आणि २१ लहान. बुरुजांचं तर विचारूच नये, एकात ६७, दुसऱ्यात ३६२. क्षेत्र ३९२ एकर. हा आकडा सगळ्यांकडे सारखा, म्हणजे सगळ्यांनी एकाचं पाहून लिहिला. कुणी साखळी टाकली होती?
एक नक्की. किल्ला एक नाही, तीन. मधला नरनाळा, पूर्वेला जाफराबाद, पश्चिमेला तेलियागड. सातपुड्याच्या एका फाट्यावर तीन तुकडे, मध्ये खाचा. वाटणी झालेल्या घरासारखं.

२९ नोव्हेंबर
आजच्या तारखेला १८०३ साली अडगावची लढाई. वेलस्ली एकीकडे, भोसल्यांची फौज दुसरीकडे. नरनाळ्याच्या पायथ्याचंच मैदान, आता तेल्हारा तालुक्यात. दुपारनंतर सुरू झाली, अंधार पडेस्तोवर पळापळ.
सोयाबीनचे पैसे खात्यात आले. भाव पडलेलाच. बापूनंही त्याच व्यापाऱ्याला घातलं म्हणतात. एकाच काट्यावर, वेगवेगळ्या वेळी.

२ डिसेंबर
माळ्यावरून साखळी काढली. नातवानं पाहिली आणि सोडेना. "आजोबा, याने चोर बांधता?"
शंकू साखळी. ३३ फूट. सोळा आणे. साखळी बाय साखळी म्हणजे एक गुंठा, ४० गुंठे एकर. पितळी फुल्या काळ्या पडल्यात. रॉकेल लावून पुसली. त्यानं कड्या मोजल्या, दोनदा चुकला.
"तीन आणे म्हणजे किती?"
सहा फूट सव्वादोन इंच. लगेच सांगितलं. त्यानं तीनच का धरले माहीत नाही. असंच.

३ डिसेंबर
झोप नाही.

५ डिसेंबर
फतहुल्ला इमादुल्मुल्क. काल रात्री त्याच्यावर वाचत बसलो. विजयनगरकडच्या कानडी ब्राह्मणाचा मुलगा. लहानपणी लढाईत धरला गेला, बहमनी सरदाराकडे वाढला, मुसलमान झाला, वऱ्हाडचा सुभेदार झाला. १४८७ ला नरनाळ्याचा महाकाली दरवाजा बांधला. वर मालकाचं नाव कोरलं, शिहाबुद्दीन महमूदशहा बहमनी. मालकाच्या बापजाद्यांचीही नावं कोरली. आणि १४९० ला मालकच सोडला. स्वतःची इमादशाही.
दगड घडवायला लावला तेव्हा मनात असेल का? तीन वर्षं म्हणजे काही फार नाहीत.

६ डिसेंबर
निघालो. भाच्याची गाडी. मालेगाव, मेडशी, पातूर. पातूरच्या घाटात मास्तर खिडकीतून पाटी वाचत होते, प्रत्येक. "नवे डोळे आहेत, वापरू दे." अकोल्यात चहा. अकोटला लॉजवर मुक्काम. सूनबाईनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली होती, मास्तरांच्या घरून कबाब. मी चटणी खाल्ली, त्यांनी दोन्ही.
खोलीत अकोटी सतरंजी अंथरलेली. उचलून पाहिली, पोत चांगला. मास्तर म्हणाले, मोजताय काय. हात सवयीनं काठ धरून गेला होता.

७ डिसेंबर
पोपटखेडवरून शहानूर. वनखात्याच्या फाटकावर नावं, आधार, गाडीनंबर. सोबत वाटाड्या घ्यावाच लागतो. अंधार पडायच्या आत खाली. अभयारण्य १९९७ चं, १२.३५ चौरस किलोमीटर. हा आकडा मोजलेला आहे, दशांश चिन्ह दिसतं.

रस्ता वर जातो. साग, मग कडई. कडईची खोडं पांढरी, पानं एक नाही. उन्हातसुद्धा हाडासारखी. वाटाड्या म्हणाला, रातच्याला चांदण्यात पाहा, भूतच. म्हणून भुत्या.

पहिला शहानूर दरवाजा, मग मेंढा दरवाजा की मेहंदी, वाटाड्या एक म्हणतो आणि माझ्या झेरॉक्समध्ये दुसरं. मी वहीत रेघा मारत होतो. एक, दोन. एका पडक्या कमानीवर आमचा वाद. वाटाड्याच्या मते दरवाजा. माझ्या मते नुसती दिंडी, माणूस वाकून जाईल एवढी. अर्धी रेघ मारली.

महाकाली.
आधी रंगच खटकतो. सगळा डोंगर काळा, तट काळा, पायाखालचा दगड काळा, आणि हा मध्येच पांढरट पिवळा. वालुकाश्म. बैलाच्या पाठीवर, हत्तीवर, कशावर आणला असेल. दोन्ही बाजूंना सज्जे पुढं काढलेले, जाळ्या, त्यांच्यामागं पहारेकऱ्यांच्या खोल्या. कमळं. बोटानं पाकळी चाचपली, कड अजून लागते. पाचशे पस्तीस वर्षांवर झाली. आमच्या गल्लीतल्या नव्या बंगल्याचा गिलावा दोन पावसाळ्यांत निघाला.
मास्तर खाली उभे. मान वर. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग टोपी काढली, परत घातली. लेख उंच आहे आणि अक्षरं सरळ नाहीत, एकात एक गुंतलेली, वेलीसारखी. डोळे चांगले असून काय.
"साहेब, काहीच लागत नाही."
मी मोबाइलवर फोटो घेतला, मोठा करून धरला. मास्तर बोट फिरवत राहिले. "हा अलिफ... हे शाह... महमूद. महमूद आहे." पुन्हा वर पाहिलं. "शिहाब." एवढंच. दोन शब्द. पण त्यांचा आवाज बदलला. चाळीस वर्षं दुसऱ्यांनी वाचलेलं वाचत आलो, म्हणाले.
ज्यानं बांधला त्याचं नाव सापडलं नाही. मालकाचंच सापडलं.

वर पठार. राणी महालाच्या कमानी, आत ओलसर, वटवाघळांचा वास. अंबा महाल. घोड्यांच्या पागा. भाच्यानं रील काढली.

नऊगजी तोफ. नऊ गज म्हणजे २७ फूट. टेप गाडीत राहिलेला. मी वीत लावायला वाकलो तर मास्तरांनी हात धरला. "राहू द्या. नऊगजी हे तिचं नाव आहे, माप नाही."

टाकी. यासाठी एक पान वेगळं हवं. तेला-तुपाची टाकी म्हणतात त्यांना. जमिनीत खोल खोदून बांधलेले कप्पे, वर चौकोनी तोंडं. तेल-तूप, की धान्य, की नुसतं पाणी, प्रत्येकाची वेगळी गोष्ट. कडेला गुडघे टेकून आत पाहिलं. थंड हवा तोंडावर येते. खडा टाकला. पडायला वेळ लागला.
शिवाय तळी. शक्कर तलाव तर डिसेंबरातही भरलेला, काठावर दर्गा, आरशासारखं पाणी. तीन हजार फुटांवर. पिसाळलेलं कुत्रं चावलं तर इथं आंघोळ घालायचे, वाटाड्या म्हणतो. (दवाखान्यात जा म्हणावं.) किल्ला तटावर टिकत नाही, पाण्यावर टिकतो. वर पाणी असेल तोवर खालच्यानं किती का तोफा आणाव्यात. ज्यानं पहिली जागा हेरली त्यानं आधी पाणी पाहिलं असणार, मग हद्द टाकली असणार.
आम्हीही तसंच.
काठावर बसून दशम्या खाल्ल्या. पाणकोंबड्या. मास्तर नमाज पढले, मी साल काढत बसलो होतो, कशाची आठवत नाही.

रेघा साडेसात. तेलियागडाकडं जाता आलं नाही, गुडघा. जाफराबाद नुसतं लांबून, झाडीत तटाची काळी रेघ.

८ डिसेंबर
परत. अंग दुखतंय. भाचा विचारतो, किती झाले दरवाजे? साडेसात म्हटल्यावर अर्ध्यावर हसत बसला.

१० डिसेंबर
नरनाळा लढून कितीदा पडला? वाचलेलं आठवतोय.
१४३७. खानदेशचा नासिरखान वऱ्हाडावर आला. कारण लढाईचं नाही, घरातलं. त्याची लेक बहमनी सुलतानाला दिलेली, नवऱ्यानं दुसरी आणली, लेकीनं बापाला लिहिलं. वऱ्हाडचे सरदार फितले. सुभेदार खानजहान एकटा इमानी, तो नरनाळ्यावर जाऊन बसला. किल्ला टिकला. मग बहमनी फौज आली, रोहिणखेडला नासिरखानाचा मोड झाला. रोहिणखेड म्हणजे आपल्या बुलढाण्यातलं.
आधी १४२५ ला अहमदशहानं गाविलगड बांधला आणि नरनाळा दुरुस्त केला. म्हणजे त्याच्याही आधीचा. किती आधीचा, दगडावर लिहिलेलं नाही. लोक नरनाळसिंह राजाचं नाव सांगतात.

११ डिसेंबर
बाजारात बापूची सून दिसली. पदर सावरला, वाकून नमस्कार केला. "मामंजी बरे आहेत," म्हणाली, मी विचारलं नव्हतं.

१२ डिसेंबर
१५७४ ची गोष्ट वाचून पुस्तक बंद केलं. इमादशाहीचा शेवटचा वारस बुऱ्हाण, पोरगं. त्याच्याच कारभाऱ्यानं, तुफालखानानं, त्याला नरनाळ्यावर कोंडून ठेवलं आणि राज्य स्वतः चालवलं. अहमदनगरचा मुर्तजा निजामशहा आला, त्या पोराला सोडवायला आलो म्हणत. नरनाळा घेतला. पोराला सोडवलं नाही. कारभारी, पोरगं, सगळे कैदेत मेले. वऱ्हाड निजामशाहीत.
पालक म्हणून ज्याच्या हातात दिलं त्यानं.

१३ डिसेंबर
१९८८ च्या एप्रिलमध्ये ऊन फार होतं. अण्णा जाऊन सहा महिने झाले होते. बाहेरचा भूमापक कशाला, घरात आहेच, असं सगळ्यांनी ठरवलं. साखळीचं दुसरं टोक बापूच्या हातात. तो आण्यांकडं बघत नव्हता. माझ्याकडं बघत होता, मी हो म्हटलं की टोक टेकवायचा.

१५ डिसेंबर
१८०३, गाविलगड पडला. वेलस्ली आणि स्टीव्हनसन. किल्लेदार बेनीसिंह दारातच मारला गेला. त्याच्या बायकांनी जोहर केला. लढून पडलेला किल्ला तो.
दोन दिवसांनी, १७ ला, देवगावचा तह. भोसल्यांचा कटक गेला, वर्धेच्या पश्चिमेचं वऱ्हाड गेलं. नरनाळा आणि गाविलगड मात्र त्यांच्याकडंच ठेवले. पुढं १८२२ ला तेही कागदावरच निजामाकडं गेले. १८५३ ला वऱ्हाडच इंग्रजांकडं. नरनाळ्याला एवढ्या मालकांपैकी बहुतेकांनी नीट पाहिलंही नसेल. फेरफार मंजूर, ताबा कायम.

१९ डिसेंबर
मास्तर आले, हातात पेनड्राइव्ह. नातीच्या कॉम्प्युटरवर फोटो पसरवून दहा दिवस बसलेत. गाविलगडच्या दिल्ली दरवाजावरचं गंडभेरुंडही दाखवलं, दोन तोंडांचा पक्षी, पंजात हत्ती. विजयनगरकडचं चिन्ह. "जिथून पकडून आणलं तिथलं त्यानं दारावर लावलं," मास्तर म्हणाले. "धर्म बदलला, मालक बदलला, हे नाही सुटलं."
चहा निवला. मी मध्येच विचारलं, मास्तर, दारावर खोटं लिहिलेलं असेल तर?
"म्हणजे?"
काही नाही म्हटलं.

२३ डिसेंबर
तुरीवर धुकं. शेंडे करपतील.

२५ डिसेंबर
मुलाचा पुण्याहून फोन. वकील बघू का म्हणतो. "तुम्ही स्वतः खात्यातले, तुमच्यापुढं ते पोरगं काय मोजणार." नको म्हटलं. रागावला.

२८ डिसेंबर
आता साखळी नाही. रोव्हर म्हणे. काठीवर थाळी, आकाशातून उपग्रह सांगतो कुठं उभे आहात. सेंटिमीटरात. आमच्या वेळी दुपारी साखळी तापून लांबायची, तेवढी चूक चालायची. चूक म्हणायची सोय होती.

१ जानेवारी
सगळ्यांचे फोन. एकाचा नाही.

४ जानेवारी
मास्तरांना फतहुल्ला सापडला. रात्री साडेदहाला फोन. ओरडतच होते. "आहे! खालच्या ओळीत, दबून बसलेला आहे, पण आहे!" पाठीमागून नात म्हणत होती, आजोबा, हळू.

८ जानेवारी
संध्याकाळी एकटाच शेतात. गुडघ्याला पट्टी.
दगड बोरीखाली. चुना कधीच धुऊन गेलेला, वरच्या अंगाला शेवाळ वाळून काळं झालंय. बोरं पिकलीत, दोन खाल्ली, एक किडकं. दगडापासून विहिरीचा काठ अलीकडं. माझ्या अंगाला. अण्णांनी खोदली तेव्हा पंधरा हातांवर पाणी लागलं होतं. सगळं गाव बघायला आलं होतं, बापू माझ्या खांद्यावर बसून वाकत होता आणि आई ओरडत होती, पडंल त्यो.
मोटार माझ्या नावावर. बापू ३५ वर्षं पाटाच्या पाळीवर.
पिशवीत साखळी नेली होती. एकट्याला टाकता येत नाही. दुसरं टोक धरायला माणूस लागतो.

९ जानेवारी
पोरगं वेळेवर आलं. तिशीचा असेल. मला ओळखून पाया पडला. "सर, तुमच्या फाळण्या अजून काढतो आम्ही, अक्षर सुंदर." थाळी लावली. बापू बांधाच्या पलीकडं, उपरणं डोक्याला. त्याची दोन पोरं. पंच, कोतवाल. मी अलीकडं एकटा.
पोरगं जुन्या नकाशाशी ताळा बघत होतं. दगडापाशी आलं, थांबलं, मशीनमध्ये पाहिलं, पुन्हा दगडाकडं. माझ्याकडं पाहिलं नाही. "सर, इथं थोडा फरक येतोय. जुनी खूण कदाचित पावसानं वगैरे..."
पावसानं सरकला नाही, म्हटलं.
मी बोरीखालून निघालो. विहिरीच्या अंगानं. तीन आणे किती पावलं ते पायाला माहीत आहे. दोन पूर्ण आणि एक अर्धं. काठाला येऊन थांबलो. विहीर दोघांच्या मध्ये आली, निम्मी तिकडं, निम्मी इकडं.
"दगड इथं होता."
कुणी बोललं नाही. कोतवालानं खाली बघितलं. पोरानं थाळी आणून माझ्या पायाशी टेकवली, मशीनचा आवाज झाला. "बरोबर आहे, सर," एवढं म्हणाला. हळू.
चुना टाकला. बापू आला, चुन्याकडं पाहत राहिला. मग म्हणाला, "दादा, तुमी तवा बी इथंच उभे राहिले होते. मंग मांगं सरकले."
त्याला माहीत होतं.
"पिशवीत काय हाय?"
साखळी, म्हटलं.
त्यानं हात पुढं केला. टोक घेतलं. विहिरीच्या पलीकडं गेला आणि टेकवलं.

१० जानेवारी
मुलाला अजून सांगितलं नाही.
मास्तरांचा फोन. मार्चमध्ये तेलियागड राहिलाय म्हणतात, पानगळ झाल्यावर तट नीट दिसतो. साडेसातचे किती होतात बघू.
तुरीची सोंगणी सोमवारपासून. बाया मिळत नाहीत.